सहा वर्षं, ७८ हजार किमी: स्टार्ट-स्टॉपवाल्या टर्बो पेट्रोल गाडीचा अनुभव

गाडी २०२० ची, एक लिटर तीन सिलिंडर, टर्बो (म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, सिग्नलला आपोआप बंद होणारी. माझं रोजचं जाणंयेणं सिंहगड रोड ते हिंजवडी. घेतली तेव्हा सोसायटीत ज्याला त्याला एकच काळजी, दिवसातून ४० वेळा चालू-बंद होणार म्हणजे पन्नास हजार किमीतच इंजिनचं काम निघणार. तर सांगते, इंजिन अजून उघडलेलं नाही, ऑइल पीत नाही, स्टार्टर मोटर मूळचीच आहे.

आणि हे काही नशीब नाही. इंजिनची झीज मुख्यतः सकाळच्या थंड स्टार्टला होते, रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं म्हणून. सिग्नलला अर्धा मिनिट बंद पडलेल्या गरम इंजिनात बेअरिंगवर ऑइल असतंच, शिवाय इंजिन नीट तापल्याशिवाय ही सिस्टीम ते बंदच करत नाही, आणि स्टार्टर पण जास्त वेळा फिरायच्या हिशोबानेच मजबूत दिलेला असतो.

पैसे खाल्ले ते बॅटरीने. पहिली २०२३ मध्ये गेली, घाईत होते, दुकानदार म्हणाला ताई सगळ्या सारख्याच, साधी घ्या दीड-दोन हजार वाचतील, घेतली, तेरा महिन्यात मेली. अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं चालू-बंद सोसणारी जास्त दमाची बॅटरीच लागते, कारण इंजिन बंद असताना फॅन, लाइट, म्युझिक सगळं तिच्यावर चालतं आणि वर परत स्टार्ट पण तिनेच द्यायचा, साधीला ते झेपत नाही. आता ईएफबी आहे, काही त्रास नाही.

बचत किती म्हणाल तर माझं दिवसाला धरा दहा मिनिटं इंजिन बंद राहतं, आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तासाला साधारण ०.७ लिटर जातं, म्हणजे वर्षाचे २५० दिवस धरून २९ लिटर, तीन हजार रुपये. उन्हाळ्यात एसी फुल असला की इंजिन बंदच होत नाही किंवा लगेच परत चालू होतं, तेव्हा काहीच वाचत नाही. एआरएआयच्या (गाड्या तपासणारी संस्था) मायलेजच्या आकड्यावर जाऊ नका, ती टेस्ट रस्त्यावर नाही, रोलरवर होते, आणि माझ्या गाडीच्या वेळी तर एसी बंद ठेवूनच व्हायची.

मला खरी काळजी वाटते ती डायरेक्ट इंजेक्शनची. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची (हवा आत घेणाऱ्या झडपेची) मागची बाजू पेट्रोलने धुतली जात नाही, ऑइलची वाफ तिथे बसून कार्बन धरतो. माझी गाडी ६० हजार किमीच्या आसपास सकाळी स्टार्टला थरथरायला लागली. सर्व्हिस सेंटरने आधी प्लग बदलले मग कॉइल बदलले, बिल झालं, थरथर तशीच. शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिक काकांनी इनटेक खोलून दाखवला, व्हॉल्व्हवर काळा थर, साफ केल्यावर गाडी शांत. हे खरेदीच्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं, याचा मला अजून राग आहे.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, पातळ आहे म्हणून घाबरून कोणी जाड टाकायला सांगितलं तर ऐकू नका, आतल्या फटी त्या पातळ ऑइलसाठीच बनवलेल्या असतात, पण बदलायला मात्र १० हजार किमीची वाट बघू नका. राजाराम पुलाजवळ वीस मिनिटं अडकलात तर किलोमीटर पडत नाही, सरकत सरकत जाताना इंजिन मात्र बराच वेळ चालूच असतं. मी साडेसात हजारालाच बदलते. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायच्या आधी स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद करते आणि वर थांबले की मिनिटभर इंजिन चालू ठेवते, तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसू नये म्हणून.

गाडीला माझे पाचपैकी चार. सेकंडहँड अशी कुठली घेत असाल तर बॉनेट उघडून बॅटरीवर ईएफबी किंवा एजीएम लिहिलंय का ते आधी बघा, आणि सकाळी एकदम थंड असतानाच स्टार्ट मारून ऐका.