जुनी गिअरची सायकल सिंगल स्पीड (एकाच गिअरची) करून घेतली, त्याचा रिव्ह्यू (कोल्हापूर)

थेट सांगतो, फ्रेम जुनी स्टीलची असेल आणि मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच आडवी असेल तर सेकंड हँड सिंगल स्पीड शोधत फिरू नका, आहे तीच करून घ्या. मी शाहूपुरीतल्या एका मिस्त्रीमामांकडनं करून घेतली. दुकानाला बोर्ड नाही, बाहेर टायर टांगलेत तीच खूण, कामाला पाचपैकी चार, वेळेला दोन.

सायकल काकांची, ड्रॉप हँडलची, पुढं ५२ आणि ४२ दातांची चेनव्हीलं, मागं ६ गिअर. गिअर बदलताना चेन सरकवतो तो डिरेलर गंजून एकाच जागी बसलेला. सगळा गिअरचा सेट नवीन घालायचा तर सायकलपेक्षा तोच महाग, आणि आपलं फिरणं काय तर रंकाळा, कळंबा तलाव, फारतर युनिव्हर्सिटी, तिथं सहा गिअर लागतात कुणाला.

आधी ॲपवर जुन्या सिंगल स्पीड बघितल्याच. भडक रंगाच्या, जाड रिमच्या, आठ-नऊ हजाराच्या खाली कोण बोलतच नाही, आणि उचलून बघितली तर साध्या काळ्या रोडस्टर सायकलएवढी जड. राजारामपुरीत एक बघायला गेलो तर क्रँक (पायडल लागतं तो दांडा) हातानं धरून हलवला की खटखट वाजतोय, सीटची नळी फ्रेममध्ये अशी धरलीय की दोघांनी ओढली तरी ढिम्म, रिमवर ब्रेक घासून नखाला लागेल एवढा खड्डा, आणि विकणारा म्हणतोय, "भावा, फक्त हवा भरायची बाकी आहे." त्या तीन गोष्टीच नीट करायच्या तर वर दोन-अडीच हजार. नमस्कार करून आलो.

आता मामांचं काम. जुनं सहा गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावर आट्यांनी बसतं ते दातेरी चक्र) निघेना, रिमूव्हर व्हाइसमध्ये आवळून आख्खं चाकच स्टिअरिंगगत फिरवलं तेव्हा कडक करून सुटलं. त्याजागी साध्या सायकलला येतं ते १८ दातांचं फ्रीव्हील, आटे इंग्लिश असल्यानं सरळ चढलं. पण खरी गोम इथनं पुढं आहे. एकच फ्रीव्हील लावलं की उजवीकडं गिअरची जागा मोकळी राहते आणि चेन तिरकी पळते, बरेच जण इथंच सोडून देतात आणि मग चेन आवाज करतीय, उतरतीय म्हणून बोंबलत बसतात. मामांनी एक्सलवरचे उजवीकडचे स्पेसर (जागा भरायच्या कड्या) काढून डावीकडं टाकले, म्हणजे हब (चाकाचा मधला भाग) उजवीकडं सरकला, मग डाव्या तारा आवळून उजव्या सैल करून रिम परत फ्रेमच्या मधोमध आणली. गिअरच्या चाकात उजव्या तारा लई ताणलेल्या आणि डाव्या सैल असतात, आता दोन्हीकडं जवळपास सारख्या, म्हणजे चाक उलट मजबूतच झालं. पुढं ५२ चं काढून ४२ चं ठेवलं, पण दोन चेनव्हीलांचे बोल्ट लांब, एकावर आवळतच नाहीत, त्यासाठी उद्यमनगरातनं लेथवर पाच वायसर काढून आणले. हे बाहेरच्या गावात कुणी केलं असतं का माहीत नाही, आपल्याकडं उद्यमनगर आहे म्हणून जमतंय. जुनी गिअरची चेन या जाड दातांवर बसत नाही, एक-अष्टमांश इंची रुंद चेनच लागते.

खर्च: फ्रीव्हील १५०, चेन २५०, वायसर १००, ब्रेकचे रबर १२०, मजुरी ५००. टायरचे वेगळे. टायर घेताना रिमवरचा आकडा वाचून घ्या, ७०० सी ची रिम ६२२ मिमी, २७ इंची ६३०, आणि रोडस्टरची २८ इंची ६३५, "बसतंय की" म्हणून देणारे दुकानदार आहेत, बसत नाही.

४२ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला साधारण ४.९ मीटर, मिनिटाला ८० पायडल मारली तर ताशी साडेतेवीस किमी. गावात नाद खुळा. पन्हाळ्याच्या चढाला वाघबीळच्या पुढं मात्र उभं राहून मारावं लागतंय आणि उतारावर पाय नुसतेच फिरतात.

तक्रारी. "उद्या या" करत आठवडा काढला. चेन तारेसारखी ताणून दिली होती, पायडल फिरवलं की एका जागी जड व्हायचं, मधोमध अर्धा इंच हलली पाहिजे, ते मी घरी चाक पुढं सरकवून केलं. डिरेलर लटकतो तो फ्रेमचा कान ग्राइंडरनं उडवायला निघाले होते, नशीब मी तिथंच होतो, कान राहू द्या म्हणजे कधी परत गिअर लावता येतील. हँडलची टेप तर नुसती गुंडाळलीय.

एक मात्र कुणी मामांना गळ घालू नका, ते म्हणजे फिक्सी, चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतच राहतं ती सायकल. फिक्सीच्या हबला कॉग (मागचं दातेरी चक्र) धरून ठेवायला उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, आपल्या साध्या हबला ती जागाच नाही, पायानं ब्रेक मारायला गेलात तर कॉग सुटून हातात. मामा स्वतःच नाही म्हणाले, तिथं मला माणूस आवडला.

तुमची सायकल अलीकडची असेल तर खाच बहुतेक उभी असणार, चाक मागं सरकत नाही, मग चेन ताणून धरायला टेन्शनर लागतो नाहीतर जुना डिरेलरच केबल काढून स्क्रूनं एका जागी धरायचा, आणि मागं कॅसेट (आट्यांऐवजी हबवर सरकवून बसवलेली चक्रं) असेल तर हे दीडशेचं फ्रीव्हील चढतच नाही, सिंगल स्पीडचं किट मागवावं लागतं. अशा सायकलवाल्यांनी मात्र चांगली सेकंड हँड मिळाली तर घ्यावी, हिशेब तिकडं झुकतोय.

दुकान दुपारी बंद असतंय, फोन उचलत नाहीत, संध्याकाळी पाचनंतर सरळ जावा.