साताऱ्यात एकदाचं नीट बाइकचं दुकान आलं!

दसऱ्याला पोवई नाक्याच्या अलीकडं जे नवीन दुकान उघडलंय त्याच्या उद्घाटनाला जाऊन आलो. गाड्या विकत नाहीत बरं का, पण हेल्मेट, जॅकेट, टायर, ऑइल आणि मागच्या बाजूला सर्व्हिसिंग असं सगळं एकाच ठिकाणी आहे. आतापर्यंत चांगलं हेल्मेट घ्यायचं म्हणजे सरळ पुणे, नाना पेठ गाठायची आणि तिथल्या गर्दीत दुकानदार डोक्यावर काय ठेवील ते घेऊन यायचं, त्यामुळं आपल्या गावात असं काही निघतंय म्हणल्यावर मिसेसला घेऊन सकाळीच गेलो.

गर्दी जाम होती, कंदी पेढे, आपट्याची पानं, सगळं झालं. पण मला आवडलं ते मागं वर्कशॉपमध्ये. पाने, सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच नट आवळायचा पाना) असं सगळं पाटावर लाल कापडावर मांडून त्याची पूजा केलेली, टॉर्क रेंचच्या दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं. आपल्याकडं लोकल गॅरेजमध्ये ॲक्सलचा नट अंगात जेवढा जोर असेल तेवढा आवळतात, इथला मेकॅनिक म्हणाला कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावरच आवळणार. हे ऐकून खरंच बरं वाटलं.

आता हेल्मेट. काउंटरवरच्या पोरानं आधी टेप काढली, भुवयांच्या जरा वरनं डोक्याचा घेर मोजला आणि मगच हेल्मेट हातात दिलं. आमच्या शेजारी एक काका होते, त्यांना मोठा साइज पाहिजे होता, म्हणत होते हे गालाला दाबतंय. पोरगं म्हणालं, "काका, गालाला दाबायलाच पाहिजे, थोड्या दिवसात पॅड बसतंय मग बरोबर होतं. कपाळाला टोचत असलं तर मात्र सांगा, मग दुसरं बघू." मग पट्टा लावून मागनं वर उचलून बघितलं, निघतंय का ते. मोठ्या साइजचं मागनं उचललं तर पट्टा लावलेला असूनपण पार डोळ्यांवर आलं! काका गप गुमान लहान साइज घेऊन गेले. ज्याला विकायचंच आहे तो कशाला एवढा वेळ घालवील, पण यांनी प्रत्येकाला घातला, मिसेसलासुद्धा. मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं हेल्मेट लागतंच, तरी बहुतेक दुकानात तिच्यासाठी म्हणल्यावर हलकं टोपीसारखं काहीतरी काढून देतात. इथं स्टड्स, व्हेगा, एसएमके, ॲक्सर, एलएस२ एवढे ब्रँड दिसले आणि सगळ्यांवर आयएसआयचा शिक्का, आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) लिहिलेलं. बिनशिक्क्याचं ठेवतच नाही म्हणाले.

टायरचं पण तसंच. पल्सरला मागचा टायर घ्यायचाय म्हणून विचारलं तर आधी टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. हे न विचारता कोण दाखवतंय हो? टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय तर टायरवर नवीन भावाचे स्टिकर पण लावलेले होते. ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) बघून घ्या असं मेकॅनिक सगळ्यांना सांगत होता, कारण बऱ्याच बाइकमध्ये क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजत असतात, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

जॅकेटमध्ये आपल्या मुंबईचं रायनॉक्स आणि बंगलोरचं व्हायाटेरा आहे. कोपर-खांद्याच्या पॅडवर लेव्हल १ का लेव्हल २ ते बघा, टेस्टमध्ये लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक) धक्क्याचा जोर आत गेलेला चालतो, लेव्हल २ ला फक्त २०. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्यांनी पैसे असतील तर लेव्हल २ च घ्यावं असं मला वाटतं, पावसात तिथल्या वळणांवर गाडी कधी घसरेल सांगता येत नाही.

आता जे पटलं नाही ते. लेडीजच्या साइजमध्ये जॅकेट एकपण नाही आणि ग्लोव्हज दोनच जोड, तेपण मोठे. साताऱ्यात एवढ्या मुली बुलेट, स्कूटर चालवतात, त्यांनी काय करायचं? दुसरं म्हणजे सर्व्हिसिंगच्या लेबरचा बोर्ड कुठंच नाही, विचारल्यावर तोंडी सांगतात आणि दोघांनी दोन आकडे सांगितले. मालकांना तिथंच बोललो, दादा एवढं सगळं चांगलं केलंय तर रेट पण भिंतीवर लावा. ते म्हणाले दिवाळीच्या आत लावतो. पार्किंग नाही, गाड्या रस्त्यावरच लागतात, उद्घाटनाला तर ट्रॅफिक पार जाम झालं होतं.

भाव पुण्याच्या आसपासच वाटले, हेल्मेटला थोडं कमी-जास्त करतात, टायरला नाही. मिसेसचं हेल्मेट घेतलं, टायरचं बुकिंग केलं. निवांत फिटिंग बघायचं असेल तर रविवार सोडून जा, सकाळी उघडल्या उघडल्या.