पाच वर्षं चालवायच्या प्रोग्रामसाठी पाया कोणता? डेबियन, फेडोरा, फ्रीबीएसडी आणि निक्स

तुमचा प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, सोबत वीस-तीस लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले कोडचे तयार संच, आहेत, आणि तो ज्या मशीनवर चालणार तिच्यावर कोणती ओपन सोर्स सिस्टिम टाकायची हे ठरवायचंय. बहुतेक जण आधी बघतात की पायथॉनची कुठली व्हर्जन मिळते. मी आधी वेगळंच विचारायला सांगेन. या लायब्रऱ्यांपैकी एखादीत सुरक्षेचं भोक सापडलं, तर ते बुजवून दुरुस्त पॅकेज तुमच्या मशीनपर्यंत आणायचं काम कोणाचं? डेबियन, फेडोरा, फ्रीबीएसडी आणि निक्स याची चार वेगवेगळी उत्तरं देतात, आणि पायथॉनचं उत्तर गो किंवा रस्ट या भाषांना लागू पडत नाही.

वेलांटी कुठे गेली

एका शाळेसाठी मी प्रमाणपत्रं छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. चित्रावर नाव उमटवायला पायथॉनची पिलो ही लायब्ररी वापरली. लॅपटॉपवर ‘विद्यार्थिनी’ हा शब्द नीट येत होता. सर्व्हरवर डेबियनचीच, पण काटछाट केलेली डॉकर इमेज (प्रोग्रामसोबत सिस्टिमचा गरजेपुरता भाग गुंडाळलेलं पुडकं) होती. तिथे पिपनं, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनानं, तीच पिलो बसवली आणि वेलांट्या अक्षरांच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसल्या, रफार गळून पडला, जोडाक्षरांचे पाय मोडले. एरर मात्र कुठेच नाही.

कारण शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. देवनागरी नीट जुळवायला पिलोला रक्म नावाची सी लायब्ररी लागते, आणि रक्मला हार्फबझ व फ्रिबिडी या आणखी दोन. २०२१ मधल्या ८.२ व्हर्जनपासून पिपच्या तयार पॅकेजात, म्हणजे व्हीलमध्ये, रक्म गुंडाळूनच येते. फ्रिबिडी मात्र मशीनवर आधीपासून असेल तरच उचलली जाते. ती नसेल तर पिलो काही न बोलता साध्या मांडणीवर उतरते. ती मांडणी इंग्रजीला पुरते, मराठीला पुरत नाही. लॅपटॉपवर डेस्कटॉप असल्यामुळे फ्रिबिडी आपोआप आलेली होती. डॉकर इमेजमध्ये ती नव्हती.

डेबियनचं स्वतःचं पॅकेज, पायथॉन३-पिल, घेतलं असतं तर हे घडलंच नसतं. ते पॅकेज रक्मवर अवलंबून असल्याचं जाहीर करतं, रक्म फ्रिबिडीवर, आणि ॲप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन, ही सगळी साखळी एकदम आणतं. पिपला फक्त पायथॉनची पॅकेजेस कळतात. खालच्या सी लायब्रऱ्या एक तर व्हीलमध्ये कोंबलेल्या असतात, नाहीतर मशीनवर असतील असं गृहीत धरलेलं असतं. डिस्ट्रोला, म्हणजे डेबियनसारख्या तयार सिस्टिमला, दोन्ही थर माहीत असतात. डिस्ट्रोचं पॅकेज वापरायला माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ज्यांचा प्रोग्राम मराठी अक्षरं रंगवतो त्यांना तर ते लगेच पटावं.

दुसरं कारण सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वेबपी चित्रं वाचणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं. डेबियनच्या बुकवर्म या रिलीजमध्ये तिची व्हर्जन १.२.४ होती. डेबियननं १.२.४ तशीच ठेवली आणि फक्त दुरुस्ती तिच्यात घातली. एक पॅकेज बदललं आणि ते वापरणारे सगळे प्रोग्राम, पायथॉन३-पिलसकट, पुन्हा सुरू करताच सुरक्षित झाले. पिपनं आणलेल्या पिलोच्या पोटात मात्र लिबवेबपीची स्वतंत्र प्रत होती. त्यासाठी पिलोच्या लोकांनी १०.०.१ काढली. त्यांनी ती चटकन काढली, पण तुमच्या यादीत पिलोची जुनी व्हर्जन ठोकून ठेवलेली असेल तर ती बदलायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागणार होती.

डेबियन

डेबियनच्या एका स्टेबल रिलीजमध्ये एकच पायथॉन असतो: बुल्सआय (२०२१) मध्ये ३.९, बुकवर्म (२०२३) मध्ये ३.११, ट्रिक्सी (२०२५) मध्ये ३.१३. लायब्रऱ्यांचंही तेच, बहुतेकींची एकच व्हर्जन. बुकवर्ममध्ये पिलो ९.४ आहे आणि बुकवर्म असेपर्यंत तीच राहील. नव्या सोयींसाठी आसुसलेल्या माणसाला हे जाचक वाटतं. पण दोन वर्षांनी रात्री अपडेट लावल्यावर सकाळी प्रोग्राम तसाच चालावा, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी यापेक्षा भरवशाचं काही नाही. तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांबवलेला आधार), म्हणजे पाच वर्षं हिशेबात धरता येतात. भाषेच्या मूळ प्रकल्पानं हात काढून घेतल्यावरही हा आधार चालू राहतो. जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणाऱ्या नोड १८ चा मूळ आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला, पण बुकवर्ममध्ये नोड १८ च आहे आणि तिच्या दुरुस्त्यांचं ओझं डेबियनच्या लोकांनी उचललं.

बुकवर्मपासून सिस्टिमच्या पायथॉनवर थेट पिप चालवलं की ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाची एरर येते. ही पेप ६६८ या पायथॉनच्या प्रस्तावातली तरतूद आहे. तिच्यावर खूप जण चिडले. मला ती अत्यंत योग्य वाटते, कारण पिपनं ॲप्टच्या हद्दीत फाइली टाकल्या की कोणती कोणाची हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. एरर चुकवायचा पर्याय पिपमध्ये आहे, आणि ‘सिस्टिमची पॅकेजेस मोडा’ असंच त्याचं नाव आहे. तो वापरू नका. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोग्रामच्या लायब्रऱ्यांसाठीची वेगळी जागा) बनवा, आणि बनवताना सिस्टिमच्या लायब्रऱ्या दिसू द्यायचा पर्याय चालू ठेवा. मग पिलो, नमपाय, डेटाबेसचे ड्रायव्हर अशा सी-ला चिकटलेल्या लायब्रऱ्या ॲप्टकडून येतात आणि निव्वळ पायथॉनच्या छोट्या गोष्टी पिपकडून. मी गेली काही वर्षं असंच करतोय.

पॅकेज वापरणं सोपं असलं, तरी डेबियनमध्ये नवं पॅकेज घालणं सोपं नाही. प्रत्येक नवं पॅकेज एका रांगेत थांबतं, तिथे माणसं फाइलींचे परवाने तपासतात. बिल्ड होताना इंटरनेट बंद असतं, त्यामुळे लागणारी प्रत्येक लायब्ररी आधीच डेबियनमध्ये असावी लागते. तुमच्या प्रोग्रामच्या पाच लायब्रऱ्या तिथे नसतील तर आधी त्या पाचांची पॅकेजेस करावी लागतील. फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर या वाटेला जायची गरज नाही.

फेडोरा आणि तिचं दीर्घायुषी कुटुंब

फेडोरा दर सहा महिन्यांनी येते आणि साधारण तेरा महिने टिकते. नवा पायथॉन शरद ऋतूतल्या रिलीजला येतो: ३९ मध्ये ३.१२, ४१ मध्ये ३.१३, ४३ मध्ये ३.१४. त्याआधी हजारो पॅकेजेस नव्या पायथॉनवर बांधून बघतात आणि जे मोडलं ते मूळ लेखकांना कळवतात. तुमची लायब्ररी पुढच्या पायथॉनवर मोडणार असेल तर ती बातमी बऱ्याचदा फेडोराकडूनच येते. हे काम सगळ्या जगासाठी होतं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पायथॉनचं पॅकेज पहिल्यांदाच करणाऱ्याला मी फेडोरापासून सुरुवात करायला सांगतो. प्रकल्पाच्या पायप्रोजेक्ट फाइलमधून लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी आरपीएम या फेडोराच्या पॅकेज-पद्धतीतले मॅक्रो (तयार सूचना) स्वतः वाचतात, हातानं लिहावी लागत नाही. जुन्या-नव्या पायथॉनचे इंटरप्रिटरही शेजारी शेजारी बसवता येतात, पण पॅकेज केलेल्या लायब्रऱ्या मुख्य पायथॉनसाठीच असतात.

पाच वर्षांच्या सर्व्हरला मात्र फेडोरा नको. तिथे रेड हॅट एंटरप्राइज किंवा तिच्यावर आधारित अल्मा, रॉकी. त्यांच्या नवव्या रिलीजमध्ये सिस्टिमचा पायथॉन ३.९ आणि शेजारी ३.११ व ३.१२ मिळतात. भाषांच्या अनेक व्हर्जन्स देण्यासाठी आणलेला मॉड्युलॅरिटीचा प्रयोग फेडोरा ३९ मध्ये काढून टाकला. व्हर्जनचा आकडा पॅकेजच्या नावातच लिहायचा, ही साधी पद्धत शेवटी टिकली.

गो आणि रस्टचं गणित वेगळं

वर लिबवेबपीबद्दल सांगितलं ते गो आणि रस्टला लागू होत नाही. या भाषांचे प्रोग्राम सहसा सगळ्या लायब्रऱ्या स्वतःच्या पोटात घेऊन बांधले जातात. लायब्ररी दुरुस्त झाली तरी तिच्यावरचे सगळे प्रोग्राम पुन्हा बांधल्याशिवाय उपयोग नाही.

डेबियन तरीही प्रत्येक गो लायब्ररीचं आणि रस्टच्या प्रत्येक क्रेटचं (रस्टमध्ये लायब्ररीला क्रेट म्हणतात) वेगळं पॅकेज करते. त्यात फक्त सोर्स असतो. परवाने नीट तपासले जातात, एकाच लायब्ररीच्या सतरा प्रती फिरत नाहीत, हे फायदे खरे आहेत. पण गो आणि रस्टची पॅकेजेस सरसकट पुन्हा बांधायला आपली यंत्रणा अपुरी पडते, म्हणून त्यांचा सुरक्षा-आधार मर्यादित आहे, हे बुकवर्मच्या रिलीज नोट्समध्ये डेबियननं स्वतःच लिहिलंय. २०२० मध्ये कुबरनेटीज ही अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली शेकडो गो लायब्रऱ्या पोटात घेऊन डेबियनमध्ये आली तेव्हा मोठा वाद झाला, आणि तांत्रिक समितीनं ती तशी राहू दिली.

फ्रीबीएसडीनं इथे फार समंजस मार्ग काढलाय. रस्टच्या पोर्टमध्ये (फ्रीबीएसडीत पॅकेज बांधायची लिहिलेली कृती) लागणाऱ्या सगळ्या क्रेट्सची यादी व्हर्जनसकट लिहिलेली असते आणि प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) शेजारी नोंदवलेला असतो. वेगळी पॅकेजेस नाहीत, तरी आत काय आलं हे उघड्यावर दिसतं. जेंटू या लिनक्सची रीतही अशीच. आर्च ही आणखी एक लिनक्स, ती क्रेट्स बिल्डच्या वेळी लॉक फाइलप्रमाणे (नेमक्या व्हर्जन्सची यादी) ओढून घेते. निक्समध्ये सगळ्या क्रेट्सचा मिळून एकच हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) लिहायचा, तो जुळला नाही तर बिल्ड थांबतं.

म्हणून तुमचा स्वतःचा प्रोग्राम गो किंवा रस्टमध्ये असेल, तर डिस्ट्रोकडे त्या लायब्रऱ्या आहेत का हे बघत बसू नका. स्वतः बांधा, लॉक फाइल जपा, आणि दुरुस्त्यांवर नजर ठेवायचं काम आपलं आहे हे मान्य करा. नोडबद्दल एवढंच: डिस्ट्रोकडून फक्त रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारा भाग, घ्या. फेडोरानंही नोडच्या लायब्रऱ्यांची वेगळी पॅकेजेस करणं जवळपास सोडून दिलं, बाकी सगळं प्रोग्रामसोबत बांधून येतं.

फ्रीबीएसडी आणि अल्पाइन

दोन्हीकडे अडचण एकाच जागी आहे. पायपीआय या पायथॉन लायब्रऱ्यांच्या कोठारावरची लिनक्सची व्हील्स फ्रीबीएसडीवर चालत नाहीत, त्यामुळे पिप नमपायसारखी लायब्ररी सोर्समधून बांधू लागतं. क्रिप्टोग्राफी या लायब्ररीनं २०२१ च्या फेब्रुवारीत ३.४ व्हर्जनमध्ये रस्ट आणलं, तेव्हापासून तिच्यासाठी रस्टचा कंपायलरही हवा. म्हणून फ्रीबीएसडीवर पोर्ट्समधली, पायथॉनची व्हर्जन नावात असलेली तयार पॅकेजेसच घ्यावीत. साठा मोठा आहे आणि तिमाही शाखा बऱ्यापैकी स्थिर असते. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल आहे. तिच्यासाठी २०२१ पासून वेगळी व्हील्स बनू लागली, पण सगळ्या लायब्रऱ्यांची मिळतीलच असं नाही. इमेज काही मेगाबाइटांनी लहान होते म्हणून पायथॉनसाठी अल्पाइन निवडू नका.

निक्स

निक्स या पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाचा जन्म युट्रेख्ट विद्यापीठातल्या इल्को डोल्स्ट्रा यांच्या संशोधनातून झाला. प्रत्येक पॅकेज एका सामायिक कोठारात स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं, आणि त्या फोल्डरच्या नावात एक हॅश असतो. सोर्स, कंपायलर, लायब्रऱ्या, बिल्डच्या पायऱ्या, यातलं काहीही बदललं की हॅश बदलतो. त्यामुळे पायथॉन ३.११ आणि ३.१३ आपापल्या लायब्रऱ्यांसह एकाच मशीनवर सुखानं नांदतात. लॉक फाइल सहकाऱ्याला पाठवली तर फ्रिबिडीसकट तेच सगळं त्याच्या मशीनवर उभं राहतं. वेलांटीचा घोटाळा इथेही झाला नसता.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. निक्सओएसवर, म्हणजे निक्सवरच उभ्या असलेल्या सिस्टिमवर, नेहमीच्या जागी लायब्रऱ्या नसतात, म्हणून पिपची व्हील्स आणि बाहेरचे तयार बायनरी अडखळतात आणि वेगळी तजवीज करावी लागते. शिवाय खालची एक लायब्ररी बदलली की तिच्यावरच्या सगळ्यांचे हॅश बदलतात, म्हणजे हजारो पॅकेजेस पुन्हा बांधणं आलं, आणि तोवर दुरुस्ती रखडू शकते. निक्सच्याच कल्पनेवर उभ्या असलेल्या गिक्सनं यावर कलमाचा उपाय काढलाय: बांधलेल्या पॅकेजमधला जुन्या लायब्ररीचा पत्ता काढून नव्या लायब्ररीचा घालायचा. निक्सओएसचं प्रत्येक रिलीज साधारण सातच महिने सांभाळलं जातं, म्हणजे वर्षातून दोनदा पुढे सरकण्याची तयारी हवी.

मग काय घ्यायचं

एक-दोन माणसांनी सांभाळायचा पायथॉन सर्व्हर असेल तर डेबियन स्टेबल, वर सांगितलेल्या मिश्र पद्धतीनं. अल्मा किंवा रॉकी चालवायची सवय असेल तर तेही चालेल, पण पायथॉनच्या लायब्रऱ्यांचा साठा डेबियनकडे कितीतरी मोठा आहे. सात-आठ जणांची टीम, चार भाषा आणि प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं काहीतरी मोडतंय, अशी स्थिती असेल तर निक्स शिकायचे काही आठवडे खर्च करा. पण निक्स डेबियनच्या वर बसवा, सुरुवातीलाच निक्सओएसवर जाऊ नका. पॅकेज करायला शिकायचंय तर फेडोरा. फ्रीबीएसडी आधीपासून चालवत असाल तर भाषेच्या पॅकेजेससाठी ती सोडायचं कारण नाही, पण निव्वळ पायथॉनसाठी मी कोणाला तिच्याकडे पाठवणार नाही.

काहीही निवडलंत आणि चित्रावर मराठी लिहायचं असेल, तर बसवून झाल्यावर पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला रक्म आहे का ते विचारा. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर फ्रिबिडी बसवा. मग ‘विद्यार्थिनी’ हा शब्द एका चित्रावर उमटवा आणि डोळ्यांनी बघा.