पाँटून बोटीला साधी ६० की कमांड थ्रस्ट ६०?

अमेरिकेत मिनेसोटात २० फुटी पाँटून (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) घेतलेला मित्र अडलाय, मागे मर्क्युरी कंपनीची साधी ६० एचपी फोरस्ट्रोक मोटर लावू की त्यातलीच कमांड थ्रस्टवाली. अरे, वरचं इंजिन दोन्हीत तेच, ९९५ सीसी, चार सिलिंडर, त्यामुळे सर्व्हिसिंगच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. फरक आहे पाण्याखाली. साधीचा गिअर रेशो १.८३, कमांड थ्रस्टचा २.३३, म्हणजे प्रॉपेलरचा पंखा सावकाश फिरतो पण जोर जास्त, आणि गिअरकेस (पाण्याखालचा गिअरचा डबा) मोठा असल्याने पंखाही मोठा बसतो.

हे खरं कळतं धक्क्याला लावताना. रेलिंग आणि छतामुळे वारा पाँटूनला आडवं ढकलतो, वर आठ-दहा माणसं बसलेली, अशा वेळी रिव्हर्स टाकला की बोट लगेच थांबायला पाहिजे ना, तिथे मोठा पंखा पाणी नीट पकडतो आणि साधी नुसतं पाणी घुसळत बसते.

कमांड थ्रस्ट थोडी महाग, थोडी जडही. छोटी हलकी बोट, दोघं-तिघं मासे धरायला जाणार, तर साधी मस्त. घरची मंडळी, कूलर, वाऱ्याचं मोठं तळं असेल तर डोळे झाकून कमांड थ्रस्ट घे. तीन नळ्यांची ट्रायटून असेल तर मात्र ६० मध्ये अडकूच नको, बोटीवर लावलेल्या कपॅसिटी प्लेटवर किती एचपी चालते ते बघ आणि ९०-११५ कडे जा.