ऑगस्टसचा गायस-लुसियस डिनारियस: घ्याच, पण मागची बाजू नीट बघून

डिनारियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं, ते घेताना बहुतेक जण सम्राटाचा चेहरा किती स्वच्छ उठलाय तेवढंच बघतात, पण या नाण्याची खरी गंमत मागच्या बाजूला आहे. मी लंडनमधल्या एका डीलरकडून सव्वादोनशे पाउंडांना घेतलं. वजन पावणेचार ग्रॅम, चांदी अगदी चोख, आजच्या फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीत साधारण इ.स.पू. 2 ते इ.स. 4 या काळात पाडलेलं.

मागे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस उभे, मध्ये ढाली आणि भाले. बघायचं ते ढालींच्या वर, दोघांच्या मधल्या चिमुकल्या जागेत, तिथे एक सिम्पुलम आहे आणि एक लिटुअस. सिम्पुलम म्हणजे देवाला वाइन वाहायची लांब दांड्याची पळी, आपल्या पूजेतल्या पळीसारखीच, आणि लिटुअस म्हणजे टोकाला वळलेली काठी, पक्ष्यांवरून शकुन बघणारे ऑगर आकाशाचे भाग पाडायला ती वापरायचे. गायस पाँटिफेक्स, म्हणजे रोमन पुरोहित, म्हणून त्याची पळी, लुसियस ऑगर म्हणून त्याची काठी. नाण्यावर एकही देव नाही, देऊळ नाही, तरी पुढच्या बाजूला ‘दिवि एफ’ म्हणजे देवत्व मिळालेल्या ज्युलियस सीझरचा मुलगा असं कोरलंय, म्हणजे बाप देव आणि वारस धर्माधिकारी, हे सगळं 18 मिलिमीटरमध्ये बसवलंय, मला तर हे अफाट वाटतं! आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते दोघं इ.स. 4 पर्यंत गेलेसुद्धा.

आपल्याकडच्या लोकांनी हे घ्यावं असं वाटायचं अजून एक कारण, दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन साठ्यांमध्ये हा प्रकार आणि ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याचे डिनारियस भरपूर आहेत, शिवाय भारतात यांच्या नकलाही पाडल्या गेल्या.

आता तक्रार. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे छाप जरा सरकला की अक्षरं कडेबाहेर जातात, माझ्या नाण्यात डावीकडची तीन-चार गेलीत, ते चालतं मला. पण वर्णनात पळी-काठीचा उल्लेखच नव्हता, फोटोही अंधारा, तिरप्या उजेडातला दुसरा मागितला तेव्हा पळीची वाटी दिसली. तुम्हीही तसा मागून घ्या, आणि वरची दोन्ही चिन्हं घासलेली असतील तर चेहरा कितीही सुंदर असो, सोडून द्या, हा प्रकार बाजारात पुष्कळ मिळतो. नाण्याला पाचपैकी पाच, डीलरला तीन.