थट्टेकाड-मुन्नारच्या स्वस्त बर्डिंग ट्रिपमध्ये आमचे 44,750 रुपये गेले, नाशिककरांनो पैसे भरण्याआधी हे वाचा

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण मागच्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर दोन नवीन मुलं भेटली आणि उत्साहाने सांगायला लागली की ताई, केरळचं बर्डिंग पॅकेज मिळतंय, पाच दिवस, सगळं धरून साडेअकरा हजार. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आज सगळं लिहिते, लांबलं तरी वाचा.

आम्ही पाच जण. मी, माझी नणंद, रविवारी आमच्याबरोबर पक्षी बघायला येणारे दोघं आणि आमच्या सोसायटीतले एक काका, शाळेतून रिटायर झालेले. काकांनी नाशिक जिल्ह्याबाहेर पक्षी बघितलेलेच नाहीत. अंजनेरीची गिधाडं, गंगापूर धरण आणि नांदूर, एवढंच. पण हळदीकुंकू बदक उडताना नुसत्या पंखावरून ओळखणारा माणूस. त्यांना मलबारी कर्णा (मलबार ट्रोगन) बघायचा होता, आणि श्रीलंका फ्रॉगमाउथ. फ्रॉगमाउथची जोडी दिवसभर फांदीवर एकमेकांना चिकटून बसते, नर राखाडी आणि मादी तांबूस, हुबेहूब वाळलेली पानं वाटतात, दोन हातांवर असली तरी दिसत नाही. कुठल्या फांदीवर बसलीय ते तिथल्या गाइडलाच ठाऊक असतं, म्हणून गाइड पाहिजेच, आणि नेमकं हेच आम्हाला पॅकेज विकणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं.

जाहिरात नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरत आली. थट्टेकाड दोन रात्री, मुन्नार दोन रात्री, राहणं, जेवण, गाइड, जीप, सगळं मिळून माणशी 11,800, रेल्वेचं तिकीट आपलं आपण काढायचं. तारीख फेब्रुवारी 2025. मी फोन लावला तर माणूस मराठीत बोलला, मुंबईचा आहे म्हणाला, अगदी मोकळा, घाई नाही काही नाही. थट्टेकाड म्हणजे सलीम अलींनी 1930 च्या दशकात त्रावणकोरचा सर्व्हे करताना नावाजलेलं जंगल, 1983 साली अभयारण्य झालं, जेमतेम 25 चौरस किलोमीटर, पेरियार नदीच्या काठाला, हे सगळं घडाघडा सांगितलं आणि सगळं खरंच होतं हो! खऱ्या माहितीत गुंडाळून खोटं दिलं की माणूस शंका घेत नाही.

निम्मे पैसे आधी म्हणून पाच जणांचे 29,500 मी माझ्या खात्यावरून पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर वर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणाला आमच्या अकाउंटंटचं खातं आहे मॅडम, जीएसटीसाठी. मी दिवसभर अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, ज्याच्याशी व्यवहार त्याच्या नावाचं खातं नसेल तर व्हेंडरचं पेमेंट मी तिथल्या तिथे अडवते, इथं मात्र हो म्हटलं, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतंय कारण बाकीच्या चौघांनी माझ्या भरवशावर पैसे दिले होते.

रेल्वेची तिकिटं डिसेंबरमध्ये काढली. आता 60 दिवस आधीच बुकिंग उघडतं त्यामुळे तारीख धरून बसावं लागलं. मंगला लक्षद्वीप नाशिकरोडला थांबते आणि कोकणातून थेट आलुवापर्यंत नेते, स्लीपरची पाच तिकिटं मिळाली. काकांनी त्याच दिवशी वहीत पक्ष्यांची यादी लिहायला घेतली, एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

जानेवारीत मेसेज आला, वनखात्याचं परमिट आणि कॅमेरा चार्ज माणशी 1,850, आजच भरा, कोटा संपतोय. सोबत शिक्का मारलेलं पत्र. 9,250 पाठवले. पुढच्या आठवड्यात जीपचं डिपॉझिट 6,000, परत मिळणारं. तेही पाठवले. पुढचं दोनच दिवसांत उघडकीला आलं, तेसुद्धा माझ्यामुळे नाही, काकांमुळे. त्यांचा गुडघा थंडीत धरतो, मुन्नारला सकाळी गरम पाणी मिळेल का एवढं विचारायचं म्हणून त्यांनी व्हाउचरवरच्या होमस्टेचं नाव मॅपवर शोधून तिथला नंबर स्वतःच काढला, त्या माणसाने दिलेला नाही. फोन बाईंनी उचलला, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या की तुमच्या नावाचं बुकिंगच नाही, आणि असं विचारणारे तुम्ही पहिले नाही, याआधी पण फोन आलेत. काका माझ्या दारात आले तेव्हा फोन हातातच होता. म्हणाले, "अगं, त्या बाई म्हणतात आपलं नावच नाही तिथं. तू एकदा बोलतेस का?"

मी त्या माणसाला फोन लावला, म्हणाला होमस्टे बदललाय, अर्ध्या तासात नवीन व्हाउचर पाठवतो. अर्ध्या तासात आम्ही पाचही जण त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर आणि नंबर ब्लॉक.

मग रात्रभर बसून त्याने पाठवलेलं ट्रिपचं पॅम्फ्लेट नीट बघितलं. मुन्नारच्या पानावर लांब लाल शेपटीचा सनबर्ड होता, फायर-टेल्ड सनबर्ड, तो हिमालयातला पक्षी, केरळात कुठून येणार? आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं, त्यावर चुकून टाकला गेला असं उत्तर आलं आणि आम्ही गप्प बसलो. गूगल लेन्सवर टाकल्यावर फोटोचा खरा मालक सापडला, मूळ फोटोत डाव्या कोपऱ्यात त्याचं नाव आहे, इथे तो कोपरा कापलेला, पण पहिल्या अक्षराचा अर्धा भाग तसाच राहिलाय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पॅम्फ्लेटात चौथ्या दिवशी मुन्नारजवळचं एरविकुलम नॅशनल पार्क, त्यातला राजमला भाग, निलगिरी पिपिट पक्षी. आणि तारीख फेब्रुवारीची! निलगिरी ताहरला (तिथल्या रानबकऱ्याला) पिल्लं होण्याचा काळ म्हणून तो पार्क फेब्रुवारी-मार्च पर्यटकांना बंद ठेवतात, दरवर्षी बातमी येते. तिथं खरोखर ट्रिप नेणारा माणूस ही तारीख टाकणारच नाही. तुमच्याकडे कुठलंही पॅकेज आलं की पहिल्यांदा हे बघा, कुठला पार्क कधी बंद असतो आणि फोटोतला पक्षी त्या भागात सापडतो का. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर जागेचं नाव टाकलं की कुठल्या महिन्यात काय दिसलंय ते फुकट कळतं, आम्ही ते पक्ष्यांची यादी करायला वापरलं, माणूस तपासायला नाही वापरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. तिथं प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) लागतो, स्क्रीनशॉट लागतात, चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात तर अजिबात नको. शेवटचे 6,000 समोरच्या खात्यात अडकवता आले कारण ते ताजे होते, बाकीचे 38,750 कधीच पुढे काढून नेलेले. ते सहा हजारही अजून हातात आलेले नाहीत. परमिटचे पैसे भरले तेव्हाच फोन केला असता तर काय सांगावं.

तिकिटं रद्द केली, माणशी 120 कापले. मी काकांचे पैसे माझ्याकडून द्यायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले तू काय चोरी केलीस का. पण वही मिटून ठेवली ती बरेच महिने उघडली नाही, आणि मला पैशापेक्षा ते जास्त लागलंय.

स्वस्तात जायचंच असेल तर मधला माणूस लागतच नाही हे आता कळतंय. आलुवाहून बसने कोथमंगलम, तिथून थट्टेकाड बारा-तेरा किलोमीटर. अभयारण्याचं तिकीट गेटवर मिळतं. होमस्टेला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करायचा, गाइड त्यांनाच विचारायचा, त्याचे पैसे त्याच्या हातात द्यायचे.

तर ती मनोऱ्यावरची मुलं. मी म्हटलं दाखव बरं तुझं पॅकेज. ग्रुपचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण पानावर तोच लाल शेपटीचा सनबर्ड, डाव्या कोपऱ्यात तेच अर्धं अक्षर. त्यातल्या एकाने आदल्या रात्री टोकन म्हणून 3,000 भरले होते. आम्ही तिथंच मनोऱ्याखाली उभं राहून 1930 लावला, फोन लागेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तोवर काका त्या पोराच्या फोनवरून यूटीआर नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत उतरवून घेत होते, त्याच वहीत, कर्ण्याच्या खालच्या रिकाम्या ओळीवर.