चायना ग्रासची पट्टी: नागपूरच्या मे महिन्यातही न वितळणारं आंब्याचं पुडिंग

जिलेटिन घालून केलेलं आंब्याचं पुडिंग मे महिन्यात फ्रिजमधून काढून ताटाशेजारी ठेवलं, की वरण-भात संपेपर्यंत त्याच्या कडा सुटायला लागतात आणि थोड्या वेळात वाटीत पिवळं दूध उरतं. यात करणाऱ्याचा हात चुकलेला नसतो. जिलेटिन ३० ते ३५ अंशांना वितळतं आणि इथल्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत पारा ३८-४० ला असतो. २३ मे २०१३ ला तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. गॅसवर थोडं काम, ओव्हन मुळीच नाही आणि तरी मऊ, मलईदार फळांचं गोड हवं असेल, तर नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत कुठेही मिळणारी चायना ग्रासची पट्टी घ्या. हिलाच अगर-अगर म्हणतात. जिलेटिनसारखीच ती दूध घट्ट बसवते, पण समुद्री शेवाळापासून बनते, म्हणजे पूर्ण शाकाहारी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं, हे पाहुण्यांना वाढताना लक्षात ठेवावं लागतं.

हिची खरी खुबी तापमानात आहे. विरघळलेली चायना ग्रास ४० ते ३२ अंशांच्या दरम्यान सेट होते, पण एकदा सेट झाली की साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून मे महिन्यात मिश्रण ओट्यावर ठेवून सेट होण्याची वाट बघू नका. चाळीस अंशांच्या खोलीत ते पातळच राहतं. फ्रिज लागतोच. पण फ्रिजमधून एकदा बाहेर आलं, की कूलरच्या दमट वाऱ्यातही सुरीने कापलेल्या कडा जशाच्या तशा राहतात.

दुकानात ही तीन रूपांत दिसते. लांब पट्ट्या किंवा दोऱ्यांचं १० ग्रॅमचं पाकीट सगळ्यात चांगलं, कारण माल डोळ्यांनी पारखता येतो. पट्टी फिकट दुधाळ रंगाची, वजनाला अगदी हलकी आणि बिनवासाची हवी. पिवळट-तपकिरी पडलेली, दमट लागणारी पट्टी जुनी असते. ती तासभर भिजूनही मधोमध चिवट राहते. पावडर सोयीची आहे आणि थोडी कमी लागते. तिसरं रूप म्हणजे आंबा किंवा केशर स्वादाचं तयार मिक्स. त्यात मुख्यतः साखर, रंग आणि कृत्रिम वास असतो, आणि घट्टपणा आपल्या हातात राहत नाही. खरा आंबा घरात असताना त्याची गरज नाही.

दहा वाट्यांसाठी हे प्रमाण ठेवा. पट्टी ६ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमच्या पाकिटातली अर्ध्याहून थोडी जास्त (पावडर असेल तर ५ ग्रॅम, अडीच छोटे चमचे सपाट). पाणी २०० मिली, फुल क्रीम दूध ५०० मिली, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, आंब्याचा गर ४०० ग्रॅम, चक्का २०० ग्रॅम, टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम १०० मिली, चिमूटभर मीठ. सगळं मिळून दीड किलोच्या आसपास होतं आणि चमच्याने सहज तुटेल इतकं मऊ बसतं. साच्यातून उलटं काढायचं असेल तर पट्टी ९ ते १० ग्रॅम घ्या. त्याहून वाढवली तर मलईदारपणा जातो आणि दाताखाली खोबऱ्याच्या वडीसारखं तुटतं.

क्रीमबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. २५ टक्के फॅटचं क्रीम कितीही फेटलं तरी फुगत नाही; त्याला किमान ३० ते ३५ टक्के फॅट लागतं. या पुडिंगला फेटण्याची गरजच नाही, म्हणून हे क्रीम इथे अगदी चालतं. बेकिंगच्या दुकानात गोठवलेलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम मिळतं. ते दुप्पट-तिप्पट फुगतं हे खरं, पण ते वनस्पती तेलाचं असतं. टाळूला चिकटतं, आंब्याची चव दाबतं आणि उकाड्यात खाली बसतं. त्यापेक्षा चक्का शतपटीने बरा. त्याची हलकी आंबट चव आंब्याचा गोडवा वर काढते. एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्याचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का होतो. उन्हाळ्यात दही रात्रभर खिडकीला टांगू नका, सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. चाळणीत मलमल अंथरून, खाली पातेलं ठेवून, वरून झाकून फ्रिजमध्येच आठ-दहा तास निथळू द्या.

आंबा कोणता? नागपुरात एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त येतो तो आंध्र-तेलंगणाचा बैगनपल्ली. रेषा जवळजवळ नाहीत, गर भरपूर, आंबटपणा कमी, म्हणजे दुधाशी त्याचं जमतं. चव थोडी सपाट वाटली तर चमचाभर लिंबाचा रस गरात घाला, दुधात नाही. जूनमधला लंगडा सुगंधी असतो. रेषाळ निघाला तर त्याचा गर चाळणीतून दाबून काढा. दशहरीही चांगला. डब्यातला गर बहुधा साखर घातलेला असतो, तेव्हा कंडेन्स्ड मिल्क ५० ग्रॅमने कमी करा.

आता कृती. पट्टी कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करून २०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्यात मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं उकळा. थेट दुधात उकळण्याचा मोह टाळा. पांढऱ्या दुधात न विरघळलेले तुकडे दिसत नाहीत आणि मग पुडिंगमध्ये जिभेला प्लॅस्टिकसारखे लागतात. पाण्यात मात्र स्पष्ट कळतं: पळी वर उचलली की धार काचेसारखी स्वच्छ पडली पाहिजे, एकही धागा दिसता कामा नये. शेजारच्या शेगडीवर दूध आणि कंडेन्स्ड मिल्क उकळीला आणा, मीठ टाका आणि उकळतं चायना ग्रासचं पाणी चहाच्या गाळणीतून त्यात ओता. थंड दुधात ओतलं तर तिथल्या तिथे दोरे पडतात. दोन्ही एकत्र मिनिटभर उकळून गॅस बंद करा आणि पसरट भांड्यात काढून अधूनमधून ढवळत राहा, म्हणजे साय धरणार नाही.

पुढची पंधरा मिनिटं या गोडाची सगळी परीक्षा आहे. गर, चक्का आणि क्रीम एकत्र मिक्सरमधून फिरवून ठेवलेलं असावं आणि ते फ्रिजमधलं थंड नसावं. हिशोब सोपा आहे. ८०० ग्रॅम दुधाचं मिश्रण ६५ अंशांवर आणि ७०० ग्रॅम गर-चक्का ३२ अंशांवर असेल, तर मिसळल्यावर साधारण ५० अंश होतात. वाट्या भरेपर्यंत वेळ मिळतो. गर-चक्का फ्रिजमधून काढल्या काढल्या ६ अंशांवर असेल, तर मिश्रण थेट ३८ अंशांच्या खाली उतरतं, ओतता ओतताच सेट व्हायला लागतं आणि रव्यासारखं कणीदार होतं. उलट दूध ७०-७५ अंशांच्या वर असताना चक्का घातला तर ते फाटतं. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून बोट लावा: सेकंदभर सहन होतं, पण टेकवून ठेवता येत नाही, ती वेळ योग्य. दुधाची धार बारीक धरून गरात ओता, दुसऱ्या हाताने फेटत राहा, लगेच वाट्या भरा. दहा मिनिटं बाहेर, मग झाकून तीन तास फ्रिजमध्ये.

कणी पडलीच तर पुन्हा गॅसवर ठेवू नका, चक्का फाटेल. पूर्ण सेट होऊ द्या आणि मग मिक्सरमध्ये दोन मिनिटं फिरवा. श्रीखंडासारखं दाट, गुळगुळीत होतं आणि तसंच टिकतं. ग्लासात भरून वर आंब्याच्या फोडी घातल्या तर वाया काहीच जात नाही.

अननस घालायचा असेल तर कच्चा कधीच नको. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, आणि तास-दोन तासांत क्रीम कडू लागतं. (जिलेटिन तर त्याने सेटच होत नाही, चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळे तिला काही होत नाही, पण चक्क्याला होतं.) २५० ग्रॅम बारीक फोडी तीन चमचे साखरेत आठ-दहा मिनिटं रटरटू द्या, पूर्ण गार करा, मग सेट झालेल्या पुडिंगवर पसरा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो निथळून तसाच घ्या. पपईलाही हाच नियम.

चायना ग्रासचे दोष दोन. एक, दुसऱ्या दिवशी कडेने थोडं पाणी सुटतं. चक्का कच्चा निथळलेला असेल तर ते वाढतं. दोन, फ्रीझर हिला सोसत नाही. गोठवून पुन्हा बाहेर काढलं की पाणी वेगळं आणि उरतो तो स्पंज. दोन दिवसांत संपवायचं गोड आहे हे. आणि लाईन गेली तरी पुडिंग उभं दिसतंय, म्हणजे चांगलंच असेल, असं समजू नका. आकार टिकतो, दूध टिकत नाही. मे महिन्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिलेली वाटी पोरांना देऊ नये.

हिवाळ्यात हेच पुडिंग संत्र्याचं करता येतं, फक्त रीत बदलते. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृगाची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. संत्र्याचा रस दुधात घालू नका, आंबटपणाने दूध फाटतं. आणि आपल्या संत्र्याचा रस तापवला किंवा बराच वेळ ठेवला तर कडवट होतो. म्हणून दुधाचा थर आंब्याशिवाय, ४ ग्रॅम पट्टी आणि थोड्या वेलदोड्याने सेट करा. वरच्या थरासाठी २ ग्रॅम पट्टी १०० मिली पाण्यात उकळून विरघळवा, गॅस बंद करून त्यात ३०० मिली ताजा, गाळलेला रस मिसळा. थंडीत हा रस आधी कोमट करून घ्यावा, म्हणजे भांडं गरम पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. नाहीतर लगेच दोरे पडतात. रसासोबत पट्टी उकळली तर आंबटपणाने तिची पकड सुटते, तेही टाळा. बिया आणि पांढरी साल काढलेल्या पाकळ्या वाढताना वर ठेवा, आणि ही वाटी त्याच दिवशी खा.